निजलेले नेचे

॥ श्री ॥

जवाहरनगर,
१८ ऑगस्ट २०२४

रा. रा. गोमाजी गुरुजी यांस,
भैय्यालालचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

काल तुमच्या लेकीने फोन लावून माझ्या हातात दिला. तुम्ही पाच मिनिटे बोललात, त्यातले मला एक अक्षर ऐकू आले नाही. मी आपला हो हो म्हणत राहिलो. पस्तीस वर्षे फॅक्टरीत मशीनजवळ काढली, कान तिथेच ठेवून आलो. तेव्हा गुरुजी, आपण इवाई-इवाई, तुमच्या पुस्तकी भाषेत व्याही-व्याही, पत्रानेच बोलू. माझे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेवढे गोड मानून घ्या. आणि मी ज्याला हो म्हटले त्यात तुम्ही काही मागितले असेल तर तेही कळवा.

इकडची खबर म्हणजे परसातले नेचे. क्वार्टरच्या मागे, उत्तरेला, आंब्याची इतकी दाट सावली आहे की गवतसुद्धा उगवत नव्हते. आमचा अंकुश म्हणत होता, फरशी टाकू आणि मोटारसायकल ठेवू. पण लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात कीर्तीबेटीने तुमच्या विहिरीच्या कठड्यावरून हंसराजाची एक जुडी रुमालात बांधून आणली आणि तिथे लावली. आज सहा वर्षे झाली. काळ्या तारेसारखे देठ, त्यावर पंख्यासारखी पाने, आणि पानाचे टोक मातीला टेकले की तिथेच मूळ धरते. कीर्ती त्या टोकांवर आपल्या डोक्यातल्या पिना टोचून ठेवते, म्हणजे वाऱ्याने उचलत नाहीत. असा चालत चालत तुमचा हंसराज कुंपणाला पोचला. फुटक्या कवेलूंच्या खापऱ्यात मोरशिखा आहे. प्रत्येकाजवळ कीर्तीने लिहून पाटी रोवली आहे. आणखीही एक मोठा नेचा आहे, त्याचे कधी सवडीने सांगेन.

सकाळी चहा घेऊन आम्ही दोघे तिथे बसतो. ती बोलते, मला अर्धे ऐकू येते, अर्धे मी लावून घेतो. शेजारच्या रिताबाई म्हणतात की सासरा-सून असे बसलेले त्यांनी या लाइनीत पाहिले नाही.

तुम्ही दरवेळी हिवाळ्यात नाहीतर उन्हाळ्यात येता. तेव्हा दाखवायला काही नसते. यंदा भर पावसात या. विहीणबाईंना नमस्कार. लोभ आहेच, फक्त मोठ्याने कळवत जा.

आपला,
भैय्यालाल

*

॥ श्री ॥

सानगडी,
५ सप्टेंबर २०२४

श्री. भैय्यालालजी व्याही यांस,
गोमाजीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचले. ते लावायला मला आणि सौ. गोदावरीला मिळून एक दुपार लागली. अडतीस वर्षे पोरांच्या पाट्या तपासल्या, पण असे अक्षर पाहिले नव्हते. रागावू नका, व्याह्यांची थट्टा व्याह्यांनी नाही करायची तर कोणी.

हंसराजाचे एवढे कौतुक वाचून नवल वाटले. आमच्या विहिरीवर तो आपसूक येतो. त्याला कोणी पाणी घातले नाही की माती घातली नाही. तो तुमच्याकडे वाढला यात तुमचा हात किती आणि आमच्या विहिरीचा गुण किती, याचा निवाडा मी करत नाही.

नवल दुसऱ्याच गोष्टीचे वाटते. कीर्ती इथे होती तेव्हा तिने कधी कोथिंबीर पेरली नाही. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत एकदा हौसेने बांधीतल्या चिखलात उतरली, पायाला जळू लागली, आणि रडत घरी आली ती पुन्हा चिखलाकडे फिरकली नाही. मी तिला परसात गुलाब लावू म्हटले तर म्हणायची, बाबा, मले नाही जमत जी. आता तुमच्याकडे पिना टोचते म्हणता. छान आहे. मुली सासरी गेल्या की शहाण्या होतात.

येण्याचे म्हणाल तर माझी अडचण तुम्हाला ठाऊक आहे. नातवंड मांडीवर येईपर्यंत लेकीच्या घरचे पाणी प्यायचे नाही, ही आमच्या घरची रीत. माझे वडील माझ्या मोठ्या बहिणीच्या दारी अकरा वर्षे बाहेरून परत आले. तुम्ही हसाल, कीर्तीही हसते. पण एवढी एक रीत मी पाळतो. पावसात मुक्काम करावा लागेल आणि तहानेने माझा जीव जाईल. म्हणून आपले कोरड्या दिवसांत, पाण्याची बाटली घेऊन, तासाभरासाठी येणे बरे.

मला तुमचा हेवा वगैरे वाटतो असे मनात आणू नका. लोभ पूर्वीसारखा ठेवावा, कमी नको, फार वाढवायलाही नको.

आपला,
गोमाजी

*

॥ श्री ॥

सानगडी,
१० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कीर्तीस,
बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू दिवाळी करून गेलीस त्याला आठवडा झाला. तेव्हापासून हे पत्र मनात लिहितो आहे. फोनवर म्हणालो असतो, पण फोनवर तू हसण्यावारी नेतेस. कागद हसण्यावारी नेता येत नाही.

पाडव्याच्या सकाळची गोष्ट. मी पलंगावर पेपर वाचत होतो. तू स्वयंपाकघरातून मोठ्याने विचारलेस, बाबा, गोळी घेतली का जी. माझ्या जिवाला इतके बरे वाटले म्हणून सांगू. मी तितक्याच मोठ्याने सांगितले की हो बेटा, घेतली. मग तू म्हणालीस की काल रात्रीचा भात उरला असेल तो टाकून द्या, खाऊ नका. मला कळेना, काल रात्री तर आपण पुऱ्या खाल्ल्या. आत येऊन पाहतो तर तुझ्या कानाला मोबाइल. बाबा म्हणजे ते. गोळी त्यांची, भात त्यांचा. तुझी आई तोंडाला पदर लावून हसली. मी हसलो नाही.

माझे पाच मिनिटांचे बोलणे त्यांना ऐकू येत नाही आणि तुझे मात्र येते, हेही मी पाहिले.

लग्न झाले तेव्हा तू त्यांना मामाजी म्हणायचीस. आपल्याकडे सुना सासऱ्याला मामाजीच म्हणतात, त्यात काय वाईट आहे? हे बाबा कधीपासून झाले? मला सारे गाव गुरुजी म्हणते. तुझी आई अहो म्हणते. मला बाबा म्हणणारी या जगात तू एकटी आहेस, कीर्ती. दुसरे कोणी नाही आणि होणारही नाही. त्यांना एक मुलगा आहे, एक सून आहे, पेन्शन आहे, बगिचा आहे. माझ्याकडचा हा एक शब्द होता, तोही त्यांच्याकडे गेला.

हो, मला हेवा वाटतो. त्यांना मी नाही म्हणून लिहिले, तुझ्याशी खोटे कशाला बोलू. तू इथे दोन दिवस राहिलीस, त्यातला अर्धा दिवस तिकडच्या मोठ्या नेच्याची पाने पिवळी पडत आहेत हे सांगण्यात गेला. आईने तुझ्यासाठी अनारसे केले होते, त्याचे नावही तू काढले नाहीस.

वाचून वाईट वाटले तर वाटू दे. मलाही वाटले आहे. आशीर्वाद आहेतच, ते काही रागाने आटत नाहीत.

तुझा बाबा

*

जवाहरनगर,
२ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप बाबांस,
कीर्तीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. पाडव्याला तुम्ही गोळी घेतल्याचं ओरडून सांगितलंत ते मी ऐकलं होतं. मला वाटलं तुम्ही आईला सांगून राहिले. तेव्हाच लक्षात आलं असतं तर धावत आले असते हो.

बाबा, हा शब्द काय तुमच्या नावचा सातबारा आहे, की त्यावर दुसऱ्याचं नाव चढलं की तुमचं कमी झालं? मामाजी म्हटलं की ते ओ देत नाहीत, बाबा म्हटलं की देतात. त्यांच्या कानांना विचारा काहून असं. सासूबाई गेल्या तेव्हा अंकुश बारावीत होता. या घरात तेरा वर्षं दोन पुरुष भात-वरण खाऊन राहिले. मी आले तेव्हा त्यांना माझ्याशी काय बोलावं हे कळायचं नाही. नुसते आंब्याखाली जाऊन बसायचे. हंसराज लावला तेव्हापासून बोलायला लागले. एवढीच गोष्ट आहे.

आणि इथे मला चिखल कसा जमतो म्हणता, तर तिथे मला कधी जमलंच नाही, कारण तुम्ही माझ्या हातातलं खुरपं घेऊन असं नाही, असं, म्हणून स्वतःच सगळं करायचे. गुरुजींच्या घरात शिकणं कठीण असतं.

अनारसे मी सहा खाल्ले आणि चार डब्यात नेले. आईला विचारा.

रुसू नका. रुसलेच तर लवकर उतरा. आईला नमस्कार, तुम्हाला दोन.

तुमची,
कीर्ती

*

॥ श्री ॥

जवाहरनगर,
१६ फेब्रुवारी २०२५

रा. रा. गोमाजी गुरुजी यांस,
भैय्यालालचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही. आमच्याकडे आता नेचे निजले. तुम्हाला खरे वाटणार नाही, पण आज कोणी येऊन परस पाहिले तर म्हणेल, या म्हाताऱ्याने सगळे वाळवून टाकले. दिवाळीनंतर पाने पिवळी झाली, मग तपकिरी, आणि संक्रांतीपर्यंत जमिनीला मिळाली. मी ती कापत नाही. तीच पांघरूण होऊन खालच्या गड्ड्याला उन्हापासून राखतात. वर आंब्याचा पालापाचोळा चार बोटे टाकतो. हप्त्यातून एकदा नुसता शिडकावा. जास्त पाणी दिले तर गड्डा सडतो, अजिबात नाही दिले तर भाजतो. पहिल्या दोन वर्षांत मी दोन्ही करून पाहिले. मिरग लागला की पालापाचोळ्यातून गुंडाळलेली बोंडे डोके काढतात, तोवर तिथे कोणी कुदळ लावू नये, एवढेच सांभाळायचे. तुम्ही उन्हाळ्यात आलात तर मोकळी जमीन समजून खाट टाकू नका, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

मागे ज्या मोठ्या नेच्याचे सांगायचे राहिले, तो माझ्या गावचा. गोसीखुर्द धरणाचे पाणी चढले तेव्हा आमचे गाव गेले. लोकांनी दारे काढली, चौकटी काढल्या, देव उचलले. मी तोवर नोकरीवर इथेच होतो, माझे नेण्यासारखे काही उरले नव्हते. शेवटच्या दिवशी नाल्याच्या काठावरून, जिथे माझी आई कपडे धुवायची, तिथून हा गड्डा खणून आणला. दहा वर्षे एका डब्यात नुसता जीव धरून होता. कीर्तीने मातीत लावला, आता हातभर लांब पाने येतात. नाव मला ठाऊक नाही. कोणत्या पुस्तकात पाहिला नाही आणि तो नाला आता कोणालाच दिसणार नाही.

एप्रिलच्या २२ ते २४ ला आम्ही तिघेही नागपूरला जाऊ. अंकुशने कानांचे मशीन बसवायचे मनावर घेतले आहे. मशीन लागले की तुमचे फोनवरचे टोमणेही ऐकू येतील, मग पत्राचा खर्च वाचेल.

विहीणबाईंच्या गुडघ्यांना आराम असेल अशी आशा. लोभ निजला असेल तर मिरगात जागा करावा.

आपला,
भैय्यालाल

*

॥ श्री ॥

सानगडी,
२३ एप्रिल २०२५

चि. सौ. कीर्तीस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्याकडे येऊन गेलो. लोणच्याच्या कैऱ्या घेऊन आलो होतो. दाराला कुलूप. तुम्ही नागपूरला गेल्याचे रिताबाईंनी सांगितले तेव्हा आठवले. त्यांनी मागचे फाटक उघडून दिले, कैऱ्या त्यांच्याकडे ठेवल्या आहेत, घेऊन ये. त्या पाणी देत होत्या, पण माझी बाटली होती.

परतीची बस चारला. तोवर तुझ्या परसात बसलो. आंब्याखाली सगळे वाळून कोळ झाले होते, पाहून वाईट वाटले. अशा नामी सावलीत मेलेली मुळे कशाला ठेवायची? कुदळ होती, हाताला काम नव्हते. सगळी जागा खणून, मुळे वेचून, कुंपणाबाहेर उन्हात टाकली. ढेकळे फोडून वाफा सारखा केला. मग साकोलीच्या बाजारातून आईसाठी घेतलेले हळदीचे गड्डे आणि अळूचे कंद पिशवीत होते, ते लावून दिले. सावलीत अळू फार छान येतो. पावसात वड्या करशील तेव्हा बाबाची आठवण काढ.

व्याह्यांना सांग की त्यांचे कष्ट वाचवले. कानांचे काय झाले ते कळव. माया कायम ठेव.

तुझा बाबा

*

जवाहरनगर,
६ मे २०२५

ती. बाबांस,
कीर्तीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला हात होत नव्हता, पण न लिहिलं तर तुम्ही काळजी कराल.

बाबा, ती मुळं मेलेली नव्हती. नेचे उन्हाळ्यात निजतात. २४ तारखेला संध्याकाळी आलो तेव्हा सगळे गड्डे दोन दिवस उन्हात पडून सुपारीसारखे कडक झाले होते. आम्ही ते ओल्या गोणपाटात गुंडाळले, मातीत ठेवले. मिरगापर्यंत वाट पाहायची. हंसराजाचं काही होवो, विहिरीवर तो आहेच. पण मोठा नेचा मामाजींच्या गावचा होता. ते गाव पाण्यात आहे.

तुमची काही चूक नाही, हे आधी सांगते. तुम्हाला माहीतच नव्हतं. मी मामाजींना विचारलं की तुम्ही बाबांना पत्रातून कळवलं नव्हतं का. ते म्हणाले की नाही बेटा, मी विसरलो, मायीच चूक झाली. मला इतका राग आला! वर्षभर तुम्हाला पानंच्या पानं लिहितात, बोंडं काय अन् पिना काय, आणि नेमकी हीच गोष्ट लिहायला विसरतात? स्वतःच्या गावचा नेचा होता, मग इतकं बेफिकीर काहून राहावं माणसानं? मी त्यांना नाही नाही ते बोलले. नवीन मशीन कानात होतं, सगळं ऐकू गेलं. आता कामापुरतं बोलते. चहा आत आणून देते. आंब्याखाली ते एकटेच बसतात.

अंकुश म्हणतो मी जास्त करून राहिले. असेल. पण मला दुसरं सुचत नाही.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. उन्हात फिरू नका. आईला नमस्कार. माझ्यावरचा जीव असाच राहू द्या.

तुमची,
कीर्ती

*

॥ श्री ॥

जवाहरनगर,
२२ जून २०२५

रा. रा. गोमाजी गुरुजी यांस,
भैय्यालालचा नमस्कार. वि. वि.

पाऊस बरा आहे. अळूने पाने टाकली, हळदही वर आली. तुमच्या हाताला गुण आहे.

गड्ड्यांतला हंसराज दोन ठिकाणी फुटला. मोठा आला नाही. काल उकरून पाहिला, आत पोकळ होता. त्याचे आयुष्य तेवढे.

फेब्रुवारीत मी एक पत्र पाठवले होते. माझे अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे, ते तुम्हाला लागले नसेल. मलाच माझे लिहिलेले पुष्कळदा लागत नाही. तेव्हा त्या पत्राचा विषय आपण दोघांत नको आणि कीर्तीबेटीजवळ तर नकोच. तिला वडील एकच आहेत. माझ्यावरचा राग आज ना उद्या जाईल.

जास्त काय लिहू. लोभ असू द्यावा, मला त्याची गरज आहे.

आपला,
भैय्यालाल

*

॥ श्री ॥

सानगडी,
४ जुलै २०२५

चि. सौ. कीर्तीस,
आशीर्वाद द्यायचा हक्क शेवटी पाहू, आधी वाच.

सोबत दोन कागद आहेत. एक व्याह्यांचे १६ फेब्रुवारीचे पत्र. अक्षर वाईट आहे, पण मला ते पहिल्याच वाचनात, चष्म्याशिवाय लागले होते. नेचे निजतात, कुदळ लावू नये, मोठा गड्डा त्यांच्या गावचा, तुम्ही कोणत्या तारखांना नागपूरला असाल, सगळे त्यात आहे. ते काही विसरले नव्हते. त्यांनी तुला खोटे सांगितले, माझ्यासाठी. दुसरे पत्र २२ जूनचे, तेही वाच म्हणजे कळेल की त्यांनी मला पळवाटही बांधून दिली.

मी ठरवून आलो नव्हतो, एवढे खरे मान. तारीख मात्र आठवत होती. तू नसताना एकदा तुझे परस बघावे, तिथे असे काय आहे ते पाहावे, एवढेच मनात होते. आंब्याखाली बसलो. जिकडे तिकडे मातीत तुझ्या डोक्यातल्या पिना. मोजल्या नाहीत, पण पुष्कळ होत्या. तू रोवलेल्या पाट्या वाचल्या. एका पाटीवर तुझ्या अक्षरात विहीर असे होते. बरे वाटले. पुढे एक मोठी पाटी होती, तिच्यावर लिहिले होते, बाबांचं गाव.

कीर्ती, मला वाटले सानगडी. मला वाटले की पोरीने माझ्या गावाच्या नावाने काही लावले आहे आणि मला सांगितले नाही. मी उकिडवा बसून पालापाचोळा बाजूला केला. त्यात आपल्याकडचे काही ओळखीचे दिसेना. आणि मग ते पत्र आठवले. नाला, गोसीखुर्द, त्यांची आई कपडे धुवायची ती जागा. बाबा म्हणजे ते. दिवाळीला झाले तेच पुन्हा झाले.

त्यानंतर मी कुदळ घेतली. तो गड्डा आधी काढला, सर्वांत आधी. मग बाकीचे, कारण एकच काढला असता तर दिसून आले असते. अळू आणि हळद आईसाठी नव्हती. फाटकाबाहेर जाऊन, दुकान शोधून, आणून लावली, मोकळी जागा दिसू नये म्हणून. बसमध्ये बसलो तेव्हा मला आनंद झाला होता. तो आनंद साकोलीपर्यंत टिकला.

तुझे मे महिन्याचे पत्र आले, त्यात तू त्यांना मामाजी लिहिलेस. मी ती ओळ आईला दोनदा वाचून दाखवली. मला जे पाहिजे होते ते मिळाले होते. आईला काही माहीत नव्हते, ती एवढेच म्हणाली की बिचाऱ्याले आता पोरगी चहा अंदरच आणून देते, मग त्याच्याजवळ कोण बसते. त्या दिवसापासून माझ्या घशाखाली चहा उतरला नाही.

त्यांच्याकडे येऊन हे सांगायला पाहिजे. पण तोंड दाखवायचे धाडस नाही. आधी तुला सांगतो. तुझे त्यांच्यावर रागावणे आजच्या आज थांबव. मी साठ वर्षांच्या वर झालो, पोरांना खोटे बोललास तर बाकावर उभा करीन म्हणत आलो, आणि तुझ्यासमोर अडीच महिने खोटा राहिलो.

आशीर्वाद चालत असेल तर घे.

गोमाजी

*

जवाहरनगर,
२० जुलै २०२५

ती. बाबांस,
कीर्तीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोन्ही कागद वाचले. मग ते घेऊन आंब्याखाली गेले आणि बाबांच्या हातात दिले. हो, बाबांच्या. त्यांनी स्वतःचं फेब्रुवारीचं पत्र उलटंसुलटं केलं आणि म्हणाले की हे अक्षर पाहून कोणालाही लागणार नाही बेटा, गुरुजी उगीच आपल्यावर घेऊन राहिले. तुमचं कबुलीचं पत्र समोर असतानाही तेच. मी त्यांच्या पायाशी बसून रडले, आणि ते मशीन काढून खिशात ठेवून बसून राहिले, म्हणजे मला मोकळं रडता यावं.

मी अडीच महिने या माणसाला चहा आतच दिला. रिताकाकू रोज पाहत होत्या की तो एकटा बसतो. माझ्या तोंडून जे निघालं ते मला परत घेता येत नाही, आणि ते तुमच्या वाट्याचं होतं.

तुम्ही खरं लिहिलंत, ते मला समजतं. ते लिहायला काय लागलं असेल तेही समजतं. पण बाबा, तुम्ही लिहिता की बसमध्ये आनंद झाला होता. तुमच्या सगळ्या पत्रातली तेवढी एक ओळ मला माफ करता येत नाही. बाकी सगळं येईल, हळूहळू.

वर्षभर तुम्ही त्यांचा हेवा केलात. खरं सांगते, तेव्हा हेवा करण्यासारखं काहीच नव्हतं. तुम्ही माझे वडील होते आणि ते माझ्या घरातले एक म्हातारे गृहस्थ होते, ज्यांना मी माया म्हणून बाबा म्हणत होते. तुमच्या जागेवर ते कधी नव्हते. आता आहेत. ते तुम्ही त्यांना नेऊन बसवलंत.

दिवाळीला मी येणार नाही. कारण आईला तुम्हीच सांगा, मी फोनवर सांगणार नाही. आईला मी वेगळी भेटायला येईन. तुम्हाला बाबांना भेटायचं असेल तर या, त्यांनी नाही म्हटलेलं नाही. पण तुम्ही याल तेव्हा मी घरी असेन का, ते मला आज ठाऊक नाही.

मिरगात फुटलेले दोन हंसराज आहेत. अळू मी काढला नाही. बाबांनी काढू दिला नाही.

लोभ असावा असं आज लिहीत नाही. तो होता म्हणूनच एवढं लागलं.

तुमची मुलगी,
कीर्ती